उत्पन्नावरून पालिकेचा वर्ग काढताना: कोणती रक्कम धरायची, कोणती सोडायची

फेब्रुवारीत मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि पुढे आठवडाभर एकच आकडा सगळीकडे फिरतो. 2025-26 साठी तो होता 74,427 कोटी रुपये. अभ्यासवर्गातली मुलं तो ‘पालिकेचं उत्पन्न’ म्हणून वहीत उतरवतात. रहिवासी संघाचे कार्यकर्ते त्याला लोकसंख्येने भागतात. मग ठाणे, कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ यांचे असेच आकडे शेजारी मांडून क्रमवारी लागते आणि ‘ही पहिल्या वर्गाची, ती तिसऱ्या’ असे शेरे मारले जातात. ही क्रमवारी पायापासूनच चुकते, कारण तो आकडा उत्पन्नाचा नसून अर्थसंकल्पाच्या आकाराचा असतो. त्यात त्या वर्षी येणारा पैसा असतो, तसा राखीव निधीतून काढलेला आणि एका खात्यातून दुसऱ्यात तात्पुरता वळवलेला पैसाही असतो.

उत्पन्नावर आधारलेली कोणतीही प्रामाणिक वर्गवारी एकाच प्रश्नावर उभी असते: दरवर्षी, नेमाने, हमखास हातात येतो तो पैसा किती? तो आकडा कसा काढायचा, त्याची रीत खाली दिली आहे. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. बहुतेक चुका आकडेमोडीत होत नाहीत, क्रम बदलल्यामुळे होतात.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

एका पालिकेसाठी एवढे कागद लागतात: तीन लागोपाठच्या वर्षांची प्रत्यक्ष जमा दाखवणारी अर्थसंकल्पाची पुस्तकं, वार्षिक लेखे, मालमत्ता कराचं मागणी-वसुली-बाकी विवरण आणि लोकसंख्येचा एक ठरलेला आकडा. सोबत कोरा तक्ता. संगणकावर करत असाल तर प्रत्येक रकमेपुढे ती कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून घेतली, त्यासाठी एक रकाना ठेवा. हा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण तो नसेल तर महिनाभराने तुमचाच तक्ता तुम्हाला तपासता येत नाही.

एका पालिकेला पहिल्या खेपेस दोन-तीन संध्याकाळ लागतात. घाईत अर्ध्या तासात उरकायचं असेल तर हा हिशेब करू नका.

## पायरी 1: कोणता ‘वर्ग’ विचारला आहे ते पक्कं करा

‘वर्ग’ हा एकच शब्द आपल्याकडे निदान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. ते चारही सुटे करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिला अर्थ संस्थेच्या प्रकाराचा: नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243-थ मध्ये (इंग्रजी प्रतीत 243-क्यू) हे तीन प्रकार आहेत. कोणतं क्षेत्र कोणत्या प्रकारात जाईल हे ठरवताना लोकसंख्या, घनता, स्थानिक प्रशासनासाठी निर्माण होणारा महसूल, बिगरशेती रोजगाराचं प्रमाण आणि आर्थिक महत्त्व पाहायचं, असं तिथे सांगितलं आहे. म्हणजे महसूल हा निकष घटनेतच आहे, पण तो अनेकांपैकी एक.

दुसरा, नगरपरिषदांचा अ, ब, क वर्ग. हा निव्वळ लोकसंख्येवर चालतो: एक लाखाच्या वर ‘अ’, 40,000 च्या वर आणि एक लाखापर्यंत ‘ब’, त्याखाली ‘क’. ‘अ वर्ग नगरपरिषद’ म्हणजे श्रीमंत नगरपरिषद असं परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि भाषणातही सर्रास येतं. त्याला काही आधार नाही.

तिसरा, महानगरपालिकांचा अ+, अ, ब, क, ड. राज्य शासनाच्या 2014 च्या वर्गवारीत लोकसंख्येसोबत दरडोई उत्पन्न आणि दरडोई क्षेत्रफळही पाहिलं गेलं. मुंबई ‘अ+’, पुणे आणि नागपूर ‘अ’, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर ‘ड’. ही मिश्र वर्गवारी आहे. नुसत्या उत्पन्नावरून ती पुन्हा काढता येत नाही. शिवाय पालिकांची दर्जावाढ होत असते, म्हणून जुन्या मार्गदर्शकातली यादी वापरू नका.

चौथा, केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या घरभाड्यासाठी असलेले एक्स, वाय, झेड. तो शहराचा वर्ग आहे, पालिकेचा नाही, आणि लोकसंख्येवर ठरतो.

निव्वळ वार्षिक उत्पन्नावर वर्ग ठरवण्याचं स्वच्छ उदाहरण हवं असेल तर फिलिपिन्सकडे पाहावं लागतं. तिथे ऑक्टोबर 2023 मध्ये झालेल्या रिपब्लिक ॲक्ट 11964 नुसार प्रांत, शहरं आणि नगरपालिका या तिन्हींचे पाच-पाच वर्ग केले आहेत, आणि निकष एकच: तीन वर्षांचं सरासरी वार्षिक नियमित उत्पन्न. या लेखातली रीत त्याच धाटणीची आहे. फक्त लेखाशीर्षं (हिशेबात जमा-खर्च ज्या नावांखाली नोंदतात ती) आपल्या पालिकांची घेतली आहेत.

ताळा: तुमच्या प्रश्नात ‘वर्ग’ या शब्दाऐवजी नेमका निकष लिहून वाक्य पुन्हा वाचा. वाक्य बसत नसेल तर प्रश्न वेगळ्याच वर्गाचा आहे.

## पायरी 2: तीन वर्षांची प्रत्यक्ष जमा मिळवा

अर्थसंकल्पाच्या पानावर साधारण चार रकाने असतात: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. यातला पहिला रकानाच आपल्या कामाचा. सुधारित अंदाज फेब्रुवारीत छापला जातो. त्या वेळी वर्ष संपायला दोन महिने असतात, आणि मालमत्ता कराची मोठी वसुली तर मार्चअखेरीस होते. म्हणून सुधारित अंदाजही अंदाजच.

याचा अर्थ असा की 2025-26 च्या पुस्तकात 2023-24 ची प्रत्यक्ष जमा सापडते. 2021-22, 2022-23 आणि 2023-24 अशी तीन वर्षं हवी असतील तर 2023-24, 2024-25 आणि 2025-26 अशी तीन पुस्तकं उघडावी लागतात. एकाच पुस्तकातले तीन रकाने घेऊन ‘तीन वर्षांची सरासरी’ काढणं ही मी पाहिलेली सर्वांत नेहमीची चूक. त्यात एक वर्ष खरं आणि दोन वर्षं अपेक्षेची असतात.

मुंबईचं पुस्तक वाचताना आणखी एक काळजी. बृहन्मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प एक नाही, अनेक आहेत. ‘अ’ मुख्य, ‘ई’ प्राथमिक शिक्षणाचा, ‘ग’ पाणीपुरवठा व मलनिःसारणाचा, ‘क’ बेस्टचा. जलआकार ‘ग’ मध्ये जमा होतो, त्यामुळे फक्त ‘अ’ पाहणाऱ्याच्या हिशेबात पाण्याचं उत्पन्नच येत नाही. उलट सगळे जोडले तर एका अर्थसंकल्पातून दुसऱ्याला दिलेलं अंशदान दोनदा मोजलं जातं. बेस्टचा हिशेब पूर्ण वेगळा ठेवा. बसचं तिकीट आणि विजेचं बिल हे पालिकेचं कर-उत्पन्न नव्हे.

पुस्तक संकेतस्थळावर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात अर्जासोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, मजकूर 150 शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो, उत्तराची मुदत 30 दिवस. मुंबईत माहिती प्रमुख लेखापाल (वित्त) यांच्या खात्याकडे असते, इतर महापालिकांत मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या लेखा शाखेकडे. ‘उत्पन्नाची माहिती द्या’ असं मोघम लिहू नका. ‘सन अमुक ते तमुक या तीन वर्षांची लेखाशीर्षनिहाय प्रत्यक्ष महसुली व भांडवली जमा’ असं मागा. मोघम मागणाऱ्याच्या हातात एका ओळीची एकूण रक्कम पडते आणि त्या ओळीचा काही उपयोग नसतो.

सावधान: जमा-खर्चाचं विवरण (प्रत्यक्ष आलेला-गेलेला पैसा) आणि उत्पन्न-खर्चाचं विवरण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. द्विनोंदी पद्धतीच्या उत्पन्न विवरणात कराची मागणी उत्पन्न म्हणून नोंदते, मग ती वसूल झालेली असो वा नसो. ज्या पालिकेची थकबाकी मोठी, ती या विवरणात उगाच सधन दिसते. तिन्ही वर्षं आणि सगळ्या पालिका एकाच प्रकारच्या कागदावरून घ्या, आणि शक्यतो प्रत्यक्ष जमेच्या.

## पायरी 3: आधी वगळायचं ते वगळा

बरेच जण इथे धरायच्या रकमा शोधत बसतात. उलट करा: आधी बाद करा. जमा बाजूवरून पुढच्या रकमांवर रेघ मारा.

आरंभीची शिल्लक. हा मागच्या वर्षाचा पैसा आहे. दरवर्षी तो पुन्हा मोजला तर एकच रुपया तीनदा उत्पन्न होतो.

कर्ज. कर्जरोख्यांतून आलेली रक्कमही कर्जच.

अनामत आणि बयाणा. ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत करायची असते, पालिका फक्त सांभाळते.

राखीव निधीतून काढलेली रक्कम आणि अंतर्गत तात्पुरती हस्तांतरणं. मुंबईच्या मोठ्या आकड्यात यांचा भाग भरघोस असतो. मुदत ठेवीवर त्या वर्षी मिळालेलं व्याज मात्र उत्पन्नच आहे, ते ठेवा. ठेव मोडून आलेलं मुद्दल बाद.

जमीन वा मालमत्ता विकून आलेला पैसा, आणि विशिष्ट कामासाठी आलेलं भांडवली अनुदान, म्हणजे पूल, मलनिःसारण केंद्र, नाट्यगृह अशांसाठी मिळालेलं.

आणि एक असं, जे लोक हमखास विसरतात: दुसऱ्यासाठी गोळा केलेला पैसा. मालमत्ता कराच्या देयकात राज्याचा शिक्षण उपकर आणि, मालमत्ता बिगरनिवासी असेल तर, रोजगार हमी उपकर असतो. बांधकाम परवानगीच्या वेळी एक टक्का कामगार कल्याण उपकर घेतला जातो. पालिका हे पैसे गोळा करून पुढे पाठवते. वृक्ष उपकर मात्र पालिकेचा स्वतःचा. आपल्या घरच्या देयकावर शिक्षण उपकर आणि वृक्ष उपकराच्या ओळी वेगळ्या छापलेल्या असतात. एकदा ते देयक समोर घेऊन बसलात की हा फरक कायमचा लक्षात राहतो.

लेखा संहितेचे सांकेतिक क्रमांक छापलेले असतील तर काम सोपं होतं. 110 कर, 120 अभिहस्तांकित (राज्याने सोपवलेला) महसूल व भरपाई, 130 भाडी, 140 शुल्क व वापर आकार, 150 विक्री व भाडे आकार, 160 महसुली अनुदानं, 170 आणि 171 गुंतवणुकीचं उत्पन्न व व्याज, 180 इतर. एकाने सुरू होणारे क्रमांक उत्पन्नाचे. तीनने सुरू होणारे, म्हणजे 320 विशिष्ट अनुदानं, 330 आणि 331 कर्जं, 340 अनामती, हे दायित्वाचे. ते या तक्त्यात येताच कामा नयेत.

ताळा: बाद केलेल्या रकमा आणि ठेवलेल्या रकमा यांची बेरीज पुस्तकातल्या एकूण जमेइतकी यायला हवी. आली नाही तर थांबा. कुठलीतरी रक्कम दोन्हीकडे गेली आहे किंवा कुठेच गेलेली नाही.

## पायरी 4: उरलेल्या रकमेचे दोन ढीग करा

आता जे उरलं ते नियमित उत्पन्न. पण ते एकाच ओळीत लिहू नका. एका बाजूला स्वउत्पन्न: मालमत्ता कर, पाणीपट्टी, परवाना व विकास शुल्क, भाडी, व्याज. दुसऱ्या बाजूला वरून नेमाने येणारा वाटा: महापालिकांना जीएसटीपोटी मिळणारी नुकसानभरपाई, नगरपरिषदांना मिळणारं सहाय्यक अनुदान, मुद्रांक शुल्कावरील अधिभाराचा वाटा.

मुंबईत जकात 1 जुलै 2017 ला बंद झाली. त्याऐवजी राज्याकडून भरपाई येते आणि कायद्याने ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढते. 2025-26 च्या अंदाजात ती सुमारे 14,398 कोटी आहे, आणि मालमत्ता कराचा अंदाज 5,200 कोटी. म्हणजे देशातल्या सर्वांत सधन पालिकेतही घरपट्टीच्या पावणेतीन पट पैसा राज्याच्या हातून येतो. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. जकात पालिका स्वतः नाक्यावर वसूल करत होती, भरपाईच्या धनादेशासाठी मात्र तिला मंत्रालयाकडे पाहावं लागतं. नियमितपणात दोन्ही सारख्या, स्वायत्ततेत नाहीत.

भरपाई धरायची की सोडायची यावर वाद होतात. फिलिपिन्सच्या कायद्यात राष्ट्रीय करांतला वाटा नियमित उत्पन्नात धरतात, एकवेळची मदत आणि अनुदानं सोडतात. मी दोन्ही उत्तरं काढून शेजारी ठेवतो: स्वउत्पन्न वेगळं, नियमित उत्पन्न वेगळं. वित्त आयोगाचं अनुदान मी नियमित उत्पन्नात धरत नाही. ते पाच वर्षांच्या आयोगाशी आणि अटींशी बांधलेलं असतं. 15 व्या वित्त आयोगात लेखे ऑनलाइन प्रसिद्ध केले नाहीत तर पालिका अनुदानाला अपात्र ठरत होती.

हे सगळं कल्पित नगरपरिषदेवर करून पाहू. मध्य रेल्वेच्या मार्गावरचं एखादं वाढतं गाव समजा. आकडे मी रीत दाखवण्यासाठी बेतले आहेत, कोटी रुपयांत.

| बाब | वर्ष 1 | वर्ष 2 | वर्ष 3 |
|---|---|---|---|
| आरंभीची शिल्लक | 31 | 34 | 38 |
| मालमत्ता कर | 14 | 15 | 17 |
| पाणीपट्टी | 6 | 6 | 7 |
| बांधकाम व विकास शुल्क | 5 | 11 | 6 |
| भाडी | 1 | 1 | 1 |
| व्याज | 2 | 2 | 3 |
| सहाय्यक अनुदान | 16 | 17 | 19 |
| मुद्रांक शुल्काचा वाटा | 3 | 4 | 4 |
| वित्त आयोग | 9 | 8 | 10 |
| योजनांची भांडवली अनुदानं | 22 | 30 | 18 |
| कर्ज | 0 | 12 | 0 |
| अनामती | 4 | 5 | 4 |
| एकूण जमा | 113 | 145 | 127 |

स्वउत्पन्न तीन वर्षांत 28, 35 आणि 34 कोटी. वरून येणारा नियमित वाटा 19, 21, 23. नियमित उत्पन्न 47, 56, 57. दुसऱ्या वर्षी ‘145 कोटींची नगरपरिषद’ अशी बातमी आली असेल. तिचं त्या वर्षीचं नियमित उत्पन्न 56 कोटी आहे.

## पायरी 5: तिन्ही वर्षं सरळ आहेत का ते पाहा

सरासरी काढण्याआधी प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचा. एखादी रक्कम अचानक उसळली किंवा कोसळली असेल तर कारण शोधा. मुंबईतली दोन उदाहरणं कायम लक्षात ठेवा.

राज्य सरकारने जानेवारी 2021 मध्ये बांधकाम अधिमूल्यात (जादा बांधकामासारख्या परवानग्यांसाठी विकासक भरतात त्या प्रीमियममध्ये) 50 टक्के सवलत दिली, मुदत त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत. विकासकांनी मुदतीआधी पैसे भरण्यासाठी गर्दी केली. त्यामुळे 2021-22 मध्ये विकास नियोजन खात्याची जमा अंदाजापेक्षा कितीतरी वर गेली. ते वर्ष सरासरीत घेतलं तर सरासरी उगाच फुगते.

दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. 2023-24 ची मालमत्ता कराची देयकं मुंबईत फेब्रुवारी 2024 च्या अखेरीस निघाली आणि भरण्याची मुदत 25 मे 2024 पर्यंत गेली. एका वर्षाच्या कराचा मोठा भाग पुढच्या आर्थिक वर्षात जमा झाला. 2023-24 ची मालमत्ता कराची जमा पाहून ‘वसुली ढासळली’ म्हणणारे आणि 2024-25 ची पाहून ‘वसुली सुधारली’ म्हणणारे, दोघेही तारखेने फसले.

अशा वेळी आकडा बदलू नका, वर्षही गुपचूप गाळू नका. पाच वर्षांची सरासरी काढा किंवा टीप लिहा. कल्पित नगरपरिषदेत दुसऱ्या वर्षीचं 11 कोटींचं विकास शुल्क एकाच मोठ्या गृहप्रकल्पाचं असेल, तर तसं लिहून ठेवायचं. विकास शुल्क दरवर्षी येतं म्हणून ते नियमित, पण घरांच्या बाजारासोबत हेलकावे खातं. स्वउत्पन्नात त्याचं प्रमाण मोठं असलेली पालिका वरच्या वर्गात बसली तरी तिथे टिकेलच असं नाही.

ताळा: मालमत्ता कराची जमा मागणी-वसुली-बाकी विवरणाशी जुळवा. वसुलीत चालू मागणी किती आणि जुनी थकबाकी किती, हे वेगळं दिसायला हवं. अभय योजनेच्या, म्हणजे थकबाकीवरच्या दंडात सूट देणाऱ्या योजनेच्या वर्षी जुनी बाकी एकदम येते.

## पायरी 6: सरासरी काढा, मग दरडोई

कल्पित नगरपरिषदेचं सरासरी नियमित उत्पन्न 160 भागिले 3, म्हणजे 53.33 कोटी. सरासरी स्वउत्पन्न 97 भागिले 3, म्हणजे 32.33 कोटी. हे दोन आकडे म्हणजे आपल्या सगळ्या खटपटीचं फळ.

दरडोई काढताना लोकसंख्या कोणती घ्यायची ते आधी ठरवा. 2011 च्या जनगणनेत या गावची वस्ती 90,000 धरली तर दरडोई स्वउत्पन्न सुमारे 3,593 रुपये येतं. आजची वस्ती 1,25,000 धरली तर तेच 2,587 रुपयांवर उतरतं. मुंबई शहराबाहेर, बदलापूर, पनवेल, वसई-विरार पट्ट्यात ही तफावत फार मोठी असते, कारण तिथली वस्ती गेल्या दशकात झपाट्याने वाढली आहे. तुलना करायची तर सगळ्यांसाठी जनगणनाच वापरा. एका पालिकेला जनगणना आणि दुसरीला संकेतस्थळावरची ‘अंदाजे लोकसंख्या’ लावली की सगळी मेहनत वाया.

मुंबईवर हेच करून पाहा. 2011 ची लोकसंख्या 1.244 कोटी. अर्थसंकल्पाचा 74,427 कोटींचा आकडा भागला तर माणशी जवळपास 60,000 रुपये. महसुली उत्पन्नाचा 43,159 कोटींचा अंदाज घेतला तर साधारण 34,700. त्यातून भरपाई वजा केली तर सुमारे 23,100. तिन्ही एकाच शहराचे, एकाच वर्षाचे, आणि तिन्ही अंदाजावरचे. वर्ग ठरवायला त्यांतला पहिला कधीच वापरू नका.

## पायरी 7: मोजपट्टी लावा

आता आणि आत्ताच मोजपट्टी हातात घ्या. आधी पट्टी पाहिली की नकळत आपण आकडा हव्या त्या खणात ढकलू लागतो.

फिलिपिन्सची पट्टी अशी. नगरपालिकांसाठी 20 कोटी पेसो आणि वर पहिला वर्ग, 16 ते 20 दुसरा, 13 ते 16 तिसरा, 9 ते 13 चौथा, त्याखाली पाचवा. शहरांसाठी उंबरठे 130, 100, 80 आणि 50 कोटी. प्रांतांसाठी 150, 90, 70 आणि 50 कोटी. दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी.

सावधान: पेसोचे रुपये करून ही पट्टी महाराष्ट्रातल्या नगरपरिषदेवर लावू नका. तिथल्या पालिकांची कामं वेगळी, वाट्याची पद्धत वेगळी, किंमती वेगळ्या. तिथून घ्यायची ती रीत: नियमित उत्पन्न, तीन वर्षांची सरासरी, प्रत्येक प्रकाराला वेगळे उंबरठे. शहर आणि नगरपालिका त्यांनी एका रांगेत बसवलेली नाहीत. आपणही मुंबई आणि मुरबाड एका यादीत बसवू नये.

आपल्याकडची तुलना करायची तर एकाच प्रकारच्या संस्था घ्या, उदाहरणार्थ ठाणे, रायगड आणि पालघर जिल्ह्यांतल्या नगरपरिषदा. सरासरी नियमित उत्पन्नाने उतरत्या क्रमात लावा आणि जिथे आकड्यांत खरी दरी दिसते तिथे रेघ मारा. एक कोटीच्या फरकावर दोन शेजारच्या पालिकांना वेगळ्या वर्गात टाकण्यात अर्थ नाही. रेघ कुठे मारली आणि का, ते लिहा. हा तुमचा अभ्यासाचा वर्ग आहे, शासनाचा नव्हे, हेही त्याच ओळीत लिहा.

## पायरी 8: वर्गाचा उपयोग जिथे होतो तिथे आकडा पडताळा

आकडा खरा की नाही हे कळायला सगळ्यांत चांगली जागा म्हणजे आस्थापना खर्च, अर्थात पगार, भत्ते, निवृत्तिवेतन. फिलिपिन्समध्ये वर्गाचा थेट परिणाम इथेच होतो. पहिल्या तीन वर्गांतल्या संस्थांना कर्मचाऱ्यांवर आधीच्या वर्षाच्या नियमित उत्पन्नाच्या 45 टक्क्यांपर्यंत तरतूद करता येते, चौथ्या आणि त्याखालच्या वर्गांना 55 टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे नवी पदं मागताना आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत आहे का, हे पाहिलं जातं.

कल्पित नगरपरिषदेचा तिसऱ्या वर्षीचा आस्थापना खर्च 24 कोटी समजा. एकूण जमा 127 कोटींशी भागला तर 19 टक्के, ऐसपैस जागा. नियमित उत्पन्न 57 कोटींशी भागला तर 42 टक्के. पहिल्या उत्तरावर विसंबून भरती झाली, तर ज्या वर्षी योजनेचं अनुदान संपतं त्या वर्षी सफाई कामगारांचे पगार थकतात. ठेकेदारीवरच्या माणसांचे सगळ्यात आधी. छेद चुकला की त्याची किंमत अशी माणसं मोजतात, म्हणून एवढा आग्रह.

मी स्वतः एका जुन्या टिपणात सुधारित अंदाज प्रत्यक्ष जमा समजून वापरला होता. ते टिपण दोन रहिवासी गटांनी पुढे पत्रव्यवहारात जोडलं, आणि पत्राच्या उत्तरात तीच चूक दाखवून मूळ तक्रार बाजूला सारली गेली. तक्रार खरी होती. तेव्हापासून तक्ता बाहेर देण्याआधी मी चार गोष्टी तपासतो: प्रत्येक रकमेपुढे ‘प्रत्यक्ष’ लिहिलं आहे का, तिन्ही वर्षांची पुस्तकं वेगळी आहेत का, एकूण जमेची बेरीज जुळते का, आणि लोकसंख्येचं वर्ष नमूद आहे का. तक्त्याच्या डोक्यावर एक ओळ कायम ठेवतो: कोणत्या रकमा धरल्या, कोणत्या सोडल्या. एप्रिलमध्ये नवं पुस्तक हातात आलं की सर्वांत जुनं वर्ष काढून नवं प्रत्यक्ष वर्ष घालायचं आणि सरासरी पुन्हा मांडायची. जुना तक्ता मात्र पुसू नका, तारीख घालून बाजूला ठेवा.